अकरा मिनिटं

जुन्या इमारतीतल्या यंत्रांना मी नद्यांची नावं दिली होती:
तेरणा, मन्याड, लेंडी, दुधना.
नव्या इमारतीतल्यांना मोमीन सरांनी रानातली:
जवस, करडई, राळा, तूर.
मधे नाला, नाल्यावर बाभळी,
आणि बाभळींखालून गेलेली एकच काळी केबल.

दर तीन मिनिटांनी प्रत्येक यंत्र आपापल्या आळीत ओरडायचं:
मी चालू आहे. इतके दिवस झाले. डोक्यावर इतका भार.
माझ्यासमोर हे हे बसलेत,
आणि अमक्यानं कळीला हात लावून इतकी मिनिटं झाली.
अकरा मिनिटं आवाज आला नाही
की बाकीचे मुकाट्यानं नावापुढे लिहायचे: बंद.
चौकशी नाही, काही नाही.

पण ओरडणं आळीपुरतंच.
दवंडीवाला वेशीपर्यंत येतो
आणि हलगी खांद्याला अडकवून माघारी फिरतो, तसं.
सर म्हणाले, "इथलं तिथं सांगणारं कायतरी बसव की."

मग एक जुनाट यंत्र घेतलं, दोन कार्डांचं,
एक पाय इकडं, एक पाय तिकडं.
नाव ठेवलं वेस.
त्यात चाळीस ओळींचा एक निरोप्या लिहिला,
पडद्यामागं बसून राहणारा, चहासुद्धा न मागणारा.
इकडं ऐकलं की तिकडं सांगायचं, तिकडचं इकडं.
ऐकलं तसंच. पदरचं काही घालायचं नाही.

उदगीरच्या त्या माळावर महिनाभर
जवसाला कळत होतं तेरणा कशी आहे.

मार्चात हिप्परगे मामांना सोलापूरला नेलं.
छातीत काहीतरी. रात्रीच्या जीपनं.
तेरणेवर त्यांच्याशिवाय कुणी बसत नसे:
फीच्या पावत्या, हजेरीपट,
डाव्या हाताला चुन्याची डबी.

सहा दिवस यादीत त्यांचं नाव होतंच.
नागनाथ, तेरणा, रिकामे चार मिनिटं.
वाटलं, लॉगआउट राहिलं असेल. गडबडीत कोण करतं.
सातव्या दिवशी नजर गेली:
तेरणा चालू, एकेचाळीस दिवस, दोन तास, नऊ मिनिटं.
जेवून आलो.
तरी नऊच मिनिटं.

नाला ओलांडून खोली उघडली.
तेरणा गार. मागं बोट लावलं तर काजळी,
करपल्याचा वासही जुना झालेला.
बोलत होता तो माझाच निरोप्या.
तिकडं सांगितलेलं स्वतःच तिकडून ऐकायचा,
नवी खबर म्हणून इकडं आणायचा,
इकडचं पुन्हा तिकडं.
एकच वाक्य नाल्यावरून येरझाऱ्या घालत होतं
आणि दर फेरीला ताजं होत होतं.
त्या वाक्यात मामा
चार मिनिटांपूर्वी तंबाखू मळायला उठलेले.

एक ओळ वाढवायची होती, बस.
आपल्याच तोंडून आलेलं पुन्हा सांगायचं नाही.
लिहिली.
मग बराच वेळ फाइल तशीच उघडी ठेवली,
खिडकीतून बाभळी बघितल्या,
आणि निरोप्याला बंद करून नव्यानं उठवलं.

पाच मिनिटं. सात.
भानुदास झाडू घेऊन आला. "काय करायलाव साहेब?"
"वाट बघायलो."
"कुणाची?"
दहा.
तेरणा: बंद.
मामांचं नाव गेलं
आणि खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या.

मोंढ्याजवळच्या एसटीडीवरून सोलापूर लावलं.
कुणीतरी उचललं, त्यानं सिस्टरला हाक मारली,
सिस्टरनं काकूंना.
काकू फोनपासून लांबच असाव्यात,
कारण उत्तर आलं ते चौथ्याच माणसाच्या आवाजात,
खरखरत, कानडी हेलात:
"आत्ता भाकर खाल्ले म्हणतेत. तुम्ही कोण म्हणून सांगू?"

मीटरवर लाल आकडे पळत होते.
मी नाव सांगितलं.
म्हटलं, त्यांना एवढंच सांगा,
तेरणा बंद आहे म्हणावं,
घाई नाही.